दुरंगी पानांचं डॉगवुड: पानं, फळं आणि लाल काड्या एकाच झुडपावर कशा सांभाळाव्यात

उन्हाळाभर पांढऱ्या कडांची पानं, उन्हाळा उतरताना निळसर झाक असलेल्या पांढऱ्या फळांचे घोस आणि पानगळीनंतर लालभडक काड्या. दुरंगी पानांच्या डॉगवुडचं कौतुक नर्सरीत असंच ऐकायला मिळतं, आणि त्यात खोटं काही नाही. फक्त एक बाब सांगायची राहून जाते. यंदा वाढलेली काडी येत्या हिवाळ्यात सगळ्यात लाल दिसते आणि त्याच काडीवर पुढच्या वसंतात फुलं येऊन मग फळं धरतात. म्हणजे हिवाळा संपताना तुम्ही सगळं झुडूप जमिनीलगत कापलंत, तर पुढच्या हिवाळ्याची लाली पक्की होते, पण त्या वर्षीची फळं गेली. कात्री लावलीच नाही, तर फळं मिळतात, पण दोन-तीन वर्षांत फांद्या तपकिरी आणि खरबरीत होतात. या झुडपाची निगा म्हणजे मुख्यतः या दोन टोकांमधली तडजोड. लावणी, पाणी, खत हे सगळं त्यामानाने सोपं आहे.

आपल्या हवेला चालेल का?

हे झुडूप म्हणजे कॉर्नस आल्बा. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७६७ मध्ये त्याला हे नाव दिलं. मूळ घर सायबेरिया, उत्तर चीन, कोरिया. त्यामुळे थंडीचं त्याला वावडं नाही, उणे ३० अंशांतही ते तग धरतं. अडचण उलट बाजूने येते. जिथे हिवाळा नावापुरताच असतो आणि उन्हाळा दमट व लांब, तिथे याला पुरेशी विश्रांती मिळत नाही, वसंतात डोळे नीट फुटत नाहीत आणि पानांवर सतत बुरशीचे डाग पडत राहतात. अशा हवेत हे लावू नका. पाण्याने, सावलीने किंवा लाडाने हा प्रश्न सुटत नाही.

थंड हिवाळा असेल तर मात्र इतकं सोशिक झुडूप सापडणं कठीण. चिकणमाती चालते, ओल धरून ठेवणारा बागेचा खोलगट कोपरा चालतो, मातीचा सामू (पीएच) थोडा आम्ल असो की थोडा अल्कधर्मी, तक्रार नसते. कोरडी, वाळूसारखी, पाणी न धरणारी जमीन मात्र त्याला मानवत नाही.

वाण निवडताना

पहिला प्रश्न जागेचा. 'एलेगंटिसिमा' हा सर्वांत जास्त मिळणारा वाण. राखाडी-हिरवं पान, त्याला वेडीवाकडी मलईदार पांढरी कड. पण तो २ ते ३ मीटर उंच आणि जवळजवळ तितकाच रुंद होतो. खिडकीखाली किंवा पायवाटेच्या कडेला लावलात तर दरवर्षी त्याच्याशी भांडण. लहान बागेसाठी 'सिबिरिका व्हेरिगाटा' बरा, तो आटोपशीर वाढतो आणि त्याच्या काड्यांची लाली जास्त उठून दिसते. त्याहूनही ठेंगणा हवा असेल तर 'आयव्हरी हेलो' दीड मीटरच्या आसपास थांबतो. कुंडीत लावायचाच असेल तर हाच. पांढऱ्याऐवजी पिवळी कड आवडत असेल तर 'स्पेथी' घ्या. बर्लिनच्या श्पेथ नर्सरीत १९व्या शतकात निघालेला हा वाण आजही टिकून आहे, आणि माझ्या मते दुरंगी डॉगवुडमध्ये उन्हाला तोच सगळ्यात खंबीर. कॉर्नस सेरिसिया या अमेरिकी जातीतला 'सिल्व्हर अँड गोल्ड' हाही विचारात घ्या. त्याची पानं पांढऱ्या कडांची, पण काड्या पिवळ्या.

रोप शक्यतो पानांवर असताना विकत घ्या. हिवाळ्यात काड्यांचा रंग दिसतो, पण पानांची नक्षी दिसत नाही, आणि नेमकी तीच फसण्याची जागा आहे. रोप हातात घेऊन बुंध्याकडून वर बघत जा. एखादा फुटवा पूर्ण हिरव्या पानांचा दिसला तर ते रोप ठेवून दुसरं उचला. चिठ्ठीवरच्या नावाबद्दल शंका असेल तर एक पान घेऊन आडवं, अगदी हळू फाडा. डॉगवुडचं पान असेल तर दोन तुकडे वेगळे झाले तरी शिरांमधून निघालेले केसासारखे बारीक पांढरे धागे त्यांना जोडून ठेवतात आणि खालचा तुकडा त्या धाग्यांवर लोंबकळतो. पानं समोरासमोर आणि शिरा कडेशी वळून टोकाकडे गेलेल्या, हीसुद्धा खूण. कुंडीच्या बुडातून मुळं गोल गोल फिरून बाहेर आलेली असतील तर भाव कमी असला तरी ते रोप नको.

जागा

काड्या लाल व्हायला ऊन हवं. सावलीत झुडूप जगतं, वाढतंही, पण काड्या मळकट राहतात आणि फुलं कमी येतात. उलट पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं. भर दुपारचं कडक ऊन आणि त्यात कोरडी जमीन, असा योग आला की पानांच्या कडा कागद जळावा तशा तपकिरी होतात. म्हणून सकाळचं पूर्ण ऊन आणि दुपारनंतर हलकी सावली ही सगळ्यात चांगली जागा. उन्हाळा सौम्य असेल तर दिवसभराचं ऊनही चालेल, ओल मात्र तुटता कामा नये.

मागे काय आहे तेही बघा. हिवाळ्यात लाल काड्या सगळ्यात उठून दिसतात त्या पाठीमागे गडद काही असेल तर: सदाहरित झाडांची रांग, गडद रंगाची भिंत. पांढऱ्या कुंपणापुढे त्या लाल राहतात, पण पानं असतानाची पांढरी नक्षी तिथे हरवून जाते. आणि घरातून जिथून तुम्ही हिवाळ्यात बाहेर बघता, त्या खिडकीतून झुडूप दिसलं पाहिजे. थंडीत बागेत कोण फिरतंय!

लावणी

उघड्या मुळांची रोपं मिळाली तर ती पानगळीनंतर ते डोळे फुटण्याआधी लावायची, जमीन गोठलेली नसताना. कुंडीतलं रोप एरवीही लावता येतं, पण शरद ऋतू आणि वसंताची सुरुवात उत्तम. भर उन्हाळ्यात लावलंत तर पाण्याचा व्याप वाढवून घेता, एवढंच.

खड्डा मातीच्या गड्ड्याच्या दुप्पट रुंद करा, खोल मात्र गड्ड्याइतकाच. जास्त खोल खणून भुसभुशीत माती भरली की रोप महिन्याभरात खाली बसतं आणि बुंधा मातीत गाडला जातो. खड्ड्याच्या कडा चिकणमातीत फावड्याने घासून गुळगुळीत झाल्या असतील तर त्या खरवडा, नाहीतर मुळं तिथेच अडून फिरत बसतात. खड्ड्यात खताचा ढीग ओतायची गरज नाही. निघालेलीच माती थोडं मुरलेलं कंपोस्ट मिसळून परत भरा, पायाने हलकं दाबा, आळं करून पाणी सोडा. पाणी जिरल्यावर माती खचली तर वर थोडी भर घाला.

दोन झुडपांमध्ये मोठ्या वाणांना दीड ते दोन मीटर अंतर ठेवा, ठेंगण्यांना एक ते सव्वा मीटर पुरे. पहिल्या वर्षी मधली जागा ओकीबोकी वाटते म्हणून जवळ जवळ लावू नका. आतल्या फांद्यांना ऊन मिळालं नाही की लाली फक्त बाहेरच्या कडेला उरते.

शेवटी ५ ते ८ सेंटिमीटर जाडीचं आच्छादन: पालापाचोळा, सालींचा भुगा, अर्धवट कुजलेलं कंपोस्ट, जे असेल ते. बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा. आच्छादन बुंध्याला टेकलं की साल ओली राहते, कुजते, आणि हिवाळ्यात उंदीर तिथे लपून साल कुरतडतात.

पहिली दोन वर्षं

या काळात काम एकच, पाणी. पाऊस नसेल तर आठवड्याला एकदा १५ ते २० लिटर, सावकाश, आळ्यात मुरेल असं. रोज शिंपडल्यासारखं पाणी घातलं तर मुळं वरच्या वरच राहतात. बोट मातीत दोन पेरं घालून बघा. खाली ओल असेल तर त्या दिवशी पाणी नको. दोन वर्षांनंतर फक्त लांबलेल्या कोरड्या दिवसांत बघावं लागतं. पानांच्या कडा करपायला लागल्या तर पाणी कमी पडतंय असं धरून चाला.

खताच्या बाबतीत हात आखडता घ्या. वसंतात कंपोस्टचा एक थर भरपूर झाला. नत्राचा जोर दिला की काड्या लांब, मऊ आणि पानाळ होतात, फुलं कमी धरतात. ज्या वर्षी जोरदार छाटणी कराल, त्याच वर्षी वसंतात कंपोस्टबरोबर थोडं संतुलित खत द्या. सगळी फांदी नव्याने उभी करायला झुडपाला तेवढा आधार लागतो.

या दोन वर्षांत मोडलेली किंवा वाळलेली फांदी सोडून काही कापायचं नाही. आधी मूळ बसू द्या.

छाटणी: इथेच निर्णय

वेळ एकच, हिवाळा संपत आलेला, डोळे फुगायला लागलेले पण उमललेले नाहीत. तोवर थांबलं की हिवाळाभर काड्यांची लाली बघून होते आणि मगच कात्री लागते. शरदात छाटलंत तर ज्यासाठी झुडूप लावलं तो देखावाच गेला.

आता तीन वाटा.

पहिली, दरवर्षी सगळंच्या सगळं बुंध्यापासून ५ ते ८ सेंटिमीटरवर कापायचं. सार्वजनिक बागांमध्ये लाल काड्यांचे ताटवे दिसतात ते असेच ठेवलेले असतात. हिवाळ्यातला रंग बेफाट, पानंही मोठी येतात, पण फुलं-फळं नाहीत. शिवाय दुरंगी वाण साध्या हिरव्यापेक्षा हळू वाढतात, त्यांना दरवर्षीचा हा मार सोसत नाही. करायचंच असेल तर एक वर्षाआड करा.

दुसरी, काहीच कापायचं नाही. फळं सगळ्यात जास्त इथेच. पक्ष्यांसाठी झुडूप लावलं असेल तर हेही चालेल. मधूनच वाळलेलं आणि एकमेकांवर घासणारं तेवढं काढा.

तिसरी वाट मी सुचवेन, कारण तिन्ही गोष्टी थोड्याथोड्या मिळतात. तिसऱ्या वर्षापासून दर हिवाळ्याच्या शेवटी फांद्यांचा एक तृतीयांश भाग मुळाशी काढायचा, आणि तो सगळ्यात जुना. खाली बसून बघा. जुनी फांदी अंगठ्याएवढी जाड, तपकिरी-करडी, सालीवर उभ्या भेगा आणि बारीक फोड. मधली लालसर पण मंद. नवी गुळगुळीत, चकचकीत. जुन्या सगळ्यांत आधी छोट्या करवतीने जमिनीलगत काढा. वर खुंट ठेवू नका, खुंटाच्या टोकाला चार-पाच काड्यांचा झाडू फुटतो आणि आतली हवा कोंडते. मग आत वळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या काड्या काढा. उरलेल्यांच्या शेंड्यांना हात लावायचा नाही. सगळा मोह तिथेच असतो, झुडूप गोल दिसावं म्हणून शेंडे सारखे करायचे. पण फुलांचे डोळे शेंड्याला असतात, शेंडे कापले की फळं कापली.

असं तीन वर्षं केलं की सगळं झुडूप नवं झालेलं असतं, आणि कुठल्याही वर्षी त्यावर एक, दोन आणि तीन वर्षांच्या फांद्या मिळून असतात. लाली एकवर्षीयांवर, फळं उरलेल्यांवर.

वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालेलं जुनं झुडूप हाती आलं असेल तर तेही याच पद्धतीने दोन-तीन वर्षांत वळणावर येतं. झुडूप निरोगी असेल तर एका फटक्यात जमिनीलगत कापूनही चालतं, फक्त त्या वर्षी पाणी आणि कंपोस्ट विसरू नका.

हिरवे फुटवे

दुरंगी झुडपाचं हे कायमचं दुखणं. वाढत्या शेंड्यात पेशींचे थर एकाभोवती एक असतात. या वाणांमध्ये बाहेरच्या थरांपैकी एकाला हरितद्रव्य तयार करता येत नाही, आतल्या थराला येतं. पानाची कड बाहेरून बनते म्हणून पांढरी, मधला भाग आतून म्हणून हिरवा. कधी एखादा डोळा असा फुटतो की त्यात आतलाच थर पुढे येतो. मग तो फुटवा संपूर्ण हिरवा. त्याला अन्न जास्त बनवता येतं, म्हणून तो शेजाऱ्यांपेक्षा झपाट्याने वाढतो, आणि लक्ष दिलं नाही तर काही वर्षांत सगळं झुडूप साधं हिरवं.

उपाय औषधाचा नाही, नजरेचा आहे. वसंतात पानं उघडल्यापासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत दर पंधरा-वीस दिवसांनी एक फेरी मारा. हिरवा फुटवा दिसला की त्याचा माग काढत खाली जा, तो जिथून निघालाय तिथे, दुरंगी फांदीला लागून कापा. नुसता शेंडा खुडून उपयोग नाही, खाली राहिलेले डोळेही हिरवेच फुटणार. जमिनीतून आलेला असेल तर माती बाजूला करून उगमाशी काढा. हिवाळ्यापर्यंत थांबू नका, कारण पानं गळाली की हिरवी काडी कुठली आणि दुरंगी कुठली हे ओळखता येत नाही.

कधी उलटही होतं, पूर्ण पांढरा फुटवा येतो. दिसायला सुरेख, पण अन्न बनवता न आल्याने तो आपणहून वाळतो. काढा किंवा ठेवा, झुडपाचं काही बिघडत नाही.

फळं कमी धरत असतील तर

वसंत संपताना बारीक, मलईदार पांढऱ्या फुलांचे चपटे गुच्छ येतात. मधमाश्या आणि छोट्या माश्या त्यावर गर्दी करतात. उन्हाळा उतरताना वाटाण्याएवढी फळं पिकतात, आत एकच कठीण कोय. ती आपल्या खाण्याची नाहीत, कडवट असतात, पण पक्षी ती टिकू देत नाहीत. फळं बघायची असतील तर पिकल्या पिकल्याच बघून घ्या.

फुलं भरपूर आणि फळं तुरळक, असं होत असेल तर कारण बहुतेक परागीभवनाचं. डॉगवुडला दुसऱ्या झुडपाचे पराग मिळाले तर फळ चांगलं धरतं. इथे एक गंमत आहे: 'एलेगंटिसिमा'ची दोन रोपं शेजारी लावली तरी फरक पडत नाही, कारण दोन्ही कलमांनी वाढवलेली, म्हणजे मुळात एकच झाड. वेगळा वाण हवा. एक 'स्पेथी' किंवा साधं हिरव्या पानांचं कॉर्नस आल्बा बागेत कुठेही जवळपास असलं तरी काम होतं. फुलं असताना कीटकनाशक फवारू नका, हे वेगळं सांगायला नको.

कीड आणि रोग

पानांवर जांभळट कडेचे तपकिरी ठिपके दिसले तर ती बुरशी. ओला उन्हाळा आणि दाटी झाली की हमखास येते. बहुतेक वेळा दिसायला वाईट, जिवाला धोका नाही. गळलेली पानं गोळा करून बागेबाहेर टाका, पाणी पानांवर न घालता बुंध्याशी घाला, आणि वर सांगितलेली छाटणी करून आत हवा खेळू द्या. एवढ्यावर भागतं. काडीवर खोलगट, काळपट चट्टा पडून वरचा भाग वाळत असेल तर चट्ट्याच्या बरंच खाली, निरोगी सालीत काप घ्या आणि प्रत्येक कापानंतर सिकेटरची पाती स्पिरिटने पुसा.

मावा कोवळ्या शेंड्यांवर येतो, पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. काही प्रदेशांत सॉफ्लाय नावाच्या माशीसारख्या कीटकाच्या अळ्या पानं फस्त करतात. अंगावर पांढरी पिठूळ भुकटी, पानाच्या खाली वेटोळं घालून बसलेल्या. दिसायला सुरवंटासारख्या असल्या तरी सुरवंटांवरचं बीटी (जिवाणूंपासून बनवलेलं) औषध यांच्यावर चालत नाही. मोजे घालून हाताने वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका. जुन्या फांद्यांवर शिंपल्याच्या आकाराचे करडे खवले चिकटलेले दिसले तर तेवढ्या फांद्या मुळाशी काढल्या की काम झालं. हरणं आणि ससे असतील तिथे पहिले दोन-तीन हिवाळे जाळी लावावीच लागते.

नवी रोपं तयार करणं

बियांपासून दुरंगी पान मिळत नाही, तो नाद सोडा. छाट कलम मात्र इतकं सहज लागतं की विकतचं दुसरं रोप घ्यायची गरज पडू नये.

तयारी उन्हाळ्यात सुरू होते. पानांची नक्षी सगळ्यात ठसठशीत आहे अशा यंदाच्या काड्या निवडून त्यांना रंगीत दोरा बांधून ठेवा. पानगळीनंतर याच काड्या कापायच्या. पेन्सिलीएवढ्या जाड, २० ते २५ सेंटिमीटर लांब. खालचा काप पेराच्या लगेच खाली सरळ, वरचा काप डोळ्यांच्या जोडीच्या थोडा वर तिरपा. तिरप्या टोकामुळे वर-खाली ओळखायची भानगड राहत नाही. रूटिंग पावडर असेल तर खालच्या टोकाला लावा, नसली तरी चालेल.

बागेच्या आडोशाच्या कोपऱ्यात फावड्याने एक अरुंद चर पाडा, जड माती असेल तर तळाशी थोडी जाड वाळू घाला. काड्या हातभर अंतरावर, दोन तृतीयांश मातीत जातील अशा उभ्या करा आणि माती घट्ट दाबा. कडाक्याच्या थंडीत गोठलेली जमीन काड्या वर ढकलते, तेव्हा अधूनमधून बघून त्या परत दाबाव्या लागतात. वसंतात वरचे डोळे फुटले म्हणून मुळं आली असं समजू नका, काडी साठवलेल्या अन्नावरही फुटते. ओढून बघायचा मोह आवरा. उन्हाळाभर तण काढा, ओल टिकवा आणि पुढची पानगळ होईपर्यंत त्यांना तिथेच राहू द्या.

घाई नसेल तर दाब कलम त्याहून सोपं. जमिनीकडे झुकलेली खालची फांदी वसंतात मातीत वितभर लांबीची गाडून वर दगड ठेवा, टोक बाहेर. वर्षभरात ती मुळं धरते, मग मूळ झुडपापासून तोडून वेगळी लावा. खरं तर न विचारताही हे घडत असतं, म्हणून जमिनीला टेकलेल्या फांद्यांकडे वर्षातून एकदा बघा, नाहीतर झुडूप आपणहून पसरत जातं.

छाट कलमाची रोपं उचलताना पानं गळण्याच्या जरा आधी नक्षी एकदा तपासा. ज्या रोपाला हिरवा फुटवा आला असेल त्याचा तो भाग तिथेच काढून टाका, किंवा ते रोप परागीभवनासाठी आहे तसंच हिरवं वाढू द्या. दुरंगी निघालेली कायमच्या जागी लावा आणि पहिली दोन वर्षं कात्री बाजूला ठेवा. तिसऱ्या-चौथ्या वर्षी फुलं धरायला लागतात.